कांदळवन लावण्याआधी: खाडीकाठच्या लागवडीतल्या चुका आणि कामाचा योग्य क्रम

दर वर्षी २६ जुलैला, म्हणजे कांदळवन (खारफुटी) दिनाला, कोकणातल्या खाड्यांवर एकच दृश्य दिसतं. गुडघाभर चिखलात विद्यार्थी उभे, हातात कांदळाच्या हिरव्या शेंगा आणि काठावर फलक. तासाभरात हजारभर शेंगा रोवून होतात. दिवाळीनंतर त्याच जागी गेलं की चिखल पुन्हा सपाट. मीही अशा कार्यक्रमांत शेंगा रोवल्या आहेत आणि त्या वाहून गेलेल्याही पाहिल्या आहेत. दर वेळी पाऊस, गुरं नाहीतर नशीब यांच्यावर खापर फुटतं. खरी चूक मात्र शेंग हातात घेण्याच्या कितीतरी आधी झालेली असते.

हा लेख गावातले गट, शाळा-महाविद्यालयं आणि मच्छीमार संस्था यांच्यासाठी आहे. पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या आणि गोव्यातल्याही खाड्यांना यातलं बहुतेक लागू पडेल. टप्पे याच क्रमाने करा. पहिल्या तीन टप्प्यांत एकही रोप लागत नाही, आणि नेमके तेच तीन सगळे गाळतात.

टप्पा १ : जागा कोणाची ते पाहा

सातबारा काढा. जागा सरकारी असेल तर वनविभागाच्या कांदळवन कक्षाकडे लेखी अर्ज करा. बरंचसं सरकारी कांदळवन आता राखीव वन आहे, तिथे परवानगीशिवाय रोप लावणंही चालत नाही.

जागा खाजगी असेल तर मालकाला एक गोष्ट आधीच नीट समजावून सांगा. सप्टेंबर २०१८ च्या मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालानंतर कांदळवनाला संरक्षण देताना जमीन कोणाची आहे हे पाहिलं जात नाही. आज हौसेने लावलेलं झाड उद्या त्याला तोडता येणार नाही आणि आजूबाजूच्या बांधकामावरही बंधनं येतील. हे लपवून लागवड केली तर तीन वर्षांनी एका रात्रीत झाडं 'वाळतात'.

खाजणात, म्हणजे बांध घालून भातासाठी राखलेल्या खार जमिनीत, लागवड करू नका. बांध फुटून खारं पाणी आत आलं की तिथे तिवर हे कांदळवनातलंच झाड आपोआप येतं आणि शेतकऱ्याची जमीन कायमची अडकते. त्यात आपण भर घालायची नाही.

टप्पा २ : इथे झाडं का नाहीत?

या प्रश्नाचं उत्तर मिळेपर्यंत पुढे जाऊ नका. कांदळवनाची झाडं आपलं बी पाण्यावर सोडतात. जवळच्या खाडीत झाडं असतील तर दर पावसाळ्यात हजारो बिया तुमच्या जागेवरून तरंगत जातात. इतकं बी येऊनही काही उगवत नसेल तर त्याला कारण आहे, आणि ते कारण तसंच ठेवून लावलेलं रोपही टिकत नाही. साधारण पाच कारणं सापडतात.

जागा फार खोल आहे. ओहोटीला उघडा पडणारा लुसलुशीत चिखल पाहून मोह होतो. पण तो समुद्रसपाटीच्या मध्यम पातळीखाली असेल तर रोप दिवसातला बराच वेळ बुडालेलं राहतं, मुळांना हवा मिळत नाही, लाटा हलवतात, खोडावर बार्नॅकलची पांढरी खरखरीत कवचं चढतात आणि त्यांच्या वजनाने रोप आडवं होतं. शिवाय हा चिखल रिकामा नसतो. तिसऱ्या आणि खुबे हे शिंपले वेचणाऱ्या बायकांची ती रोजची जागा असते. परदेशातून येणारे चिखलपक्षी आणि रोहित (फ्लेमिंगो) याच मोकळ्या चिखलावर चरतात. ठाणे खाडीला २०१५ साली अभयारण्याचा दर्जा मिळाला तो रोहित पक्ष्यांमुळे. अशा जागी लागवड फसली तर पैसा जातो, आणि यशस्वी झाली तर पक्ष्यांचं चरण्याचं मैदान जातं.

पाणी अडलं आहे. रस्त्याचा भराव, बुजलेली मोरी, जुना बांध, मिठागराची पाळ अशा कशाने तरी भरती आत येत नाही किंवा आत आलेली बाहेर पडत नाही. उन्हाळ्यात जमिनीवर मिठाचा पांढरा पापुद्रा दिसतो. आतली जुनी झाडं शेंड्याकडून वाळत असतील तर संशय पहिला याच्यावर घ्या.

जागा फार उंच आहे. खाडीतला गाळ किंवा राडारोडा पडून जमीन वर आलेली असते आणि भरती तिथवर पोचतच नाही.

चराई आणि तोड. म्हशींना तिवराचा पाला आवडतो. कोवळी रोपं खुडलेली दिसली आणि चिखलात खुरांचे ठसे असले की निदान झालं.

आणि पाचवं कारण म्हणजे ती कांदळवनाची जागाच नव्हे. भरतीच्या वरच्या कडेला धापा, मोरस, माचोळ यांची लालसर-हिरवी मांसल पानांची गादी दिसते. ही खारं सोसणारी झुडपं म्हणजे 'पडीक जमीन' नव्हे, तो स्वतंत्र अधिवास आहे. धापा उपटून तिथे कांदळ लावणं म्हणजे एक जिवंत जागा मोडून दुसरी नकली जागा करणं. वाळूच्या किनाऱ्याचंही तसंच. तिथे मर्यादावेल आणि रावणाची मिशी वाळू धरून ठेवतात. त्यांच्या जागी सुरूच्या झाडांच्या रांगा लावल्या की खाली सुयांचा थर साचतो, वेली मरतात आणि कासवांच्या विणीची वाळूही अडते. अशा ठिकाणी लागवडीऐवजी कुंपण घाला, गाड्या आणि गुरं अडवा. वेल आपली आपण पसरते.

> तपासणी : जागेवर बियांपासून उगवलेली नैसर्गिक रोपं आहेत का? दहा मीटर बाय दहा मीटर, म्हणजे साधारण एका गुंठ्यात मोजा. तीस-चाळीस निरोगी रोपं दिसली तर लागवड करू नका. नुसतं राखा.

कारण पाणी अडण्याचं असेल तर पैसा रोपांवर नको, चरांवर घाला. मुख्य चर खाडीला जोडायचा आणि त्याला तिरके उपचर काढायचे, माशाच्या काट्यासारखे. तामिळनाडूत पिचावरमच्या कांदळवनात १९९० च्या दशकात याच पद्धतीने करपलेली जागा पुन्हा हिरवी झाली. चर काढताना दोन चुका ठरलेल्या. एक, चराचा तळ खाडीच्या तळापेक्षा खोल जातो आणि ओहोटीला पाणी बाहेर पडायच्या ऐवजी डबकं साचतं. दुसरी, उपसलेली माती चराच्या कडेला सलग टाकली जाते आणि नकळत नवा बांध तयार होतो. माती पसरा, नाहीतर ढिगांमध्ये फटी ठेवा. चरासाठीही परवानगी लागते, आणि खोदाई हाताने करा. जेसीबी जितकं दुरुस्त करतो त्याहून जास्त तुडवतो.

टप्पा ३ : पातळी मोजा

कांदळवनात जगणं-मरणं वितीवर ठरतं. एक वीत खाली लावलं तर मेलं, एक वीत वर लावलं तर वाळलं. ही पातळी शोधायला महागडं यंत्र लागत नाही, भरतीचं पाणीच आपली पाणसळ आहे.

१. तुमच्या जागेच्या जवळ, त्याच खाडीत, त्याच काठावर नैसर्गिक झाडी शोधा. तिची खाडीकडची खालची कड पाहा. यंदा उगवलेली रोपं धरू नका, ती कुठेही उगवतात. दोन-तीन वर्षांची, कमरेएवढी झाडं जिथपर्यंत आहेत ती खरी कड. तिथे खुंटी ठोका.

२. वारा पडलेल्या दिवशी भरती चढताना एक माणूस खुंटीपाशी आणि एक तुमच्या जागेत उभा करा. पाणी खुंटीच्या बुडाला टेकलं की फोन करायचा. त्याच क्षणी दुसऱ्याने आपल्या जागेतलं पाणी काठीने मोजायचं.

३. तिथे पाऊण हात पाणी असेल तर तुमची जागा झाडांच्या कडेपेक्षा पाऊण हाताने खोल आहे. ती सोडून द्या. पाणी अजून पोचलंच नसेल तर जागा वर आहे, पुढे जायला हरकत नाही.

४. वरची मर्यादा उधाणाला पाहा. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास दुपारी बाराच्या सुमारास आपल्या किनाऱ्यावर मोठी भरती असते. तेव्हा पाणी जिथे थांबतं तिथे दुसरी खुंटी ठोका.

या दोन खुंट्यांच्या मधला पट्टा तुमचा. मुंबईकडे उधाणाची भरती साडेचार-पाच मीटरपर्यंत चढते, मालवणकडे त्याच्या निम्म्याच्या आसपास. म्हणून मुंबईचा कागदी आराखडा सिंधुदुर्गात चालत नाही. तिकडे पट्टा अरुंद असतो आणि चूक सुधारायला जागा कमी.

> इशारा : चिखलात एकट्याने जाऊ नका. अनवाणी तर नकोच, कालवांच्या कडा ब्लेडसारख्या कापतात. पाय खोल रुतला तर ओढाताण करू नका. पुढे वाकून वजन हातांवर आणि गुडघ्यांवर पसरा, मग पाय सावकाश काढा. पातळी मोजणारे सोडून बाकी सगळे भरती परत चढायला लागायच्या अर्धा तास आधी काठावर आलेले हवेत.

टप्पा ४ : प्रजाती ओळखा आणि पट्ट्याप्रमाणे निवडा

सगळ्यात घोटाळा होतो तो नावांचा. 'कांदळवन' म्हणजे सगळं खारं जंगल, पण 'कांदळ' हे त्यातल्या एका झाडाचं नाव. दोन गाव सोडले की त्याच झाडाचं नाव बदलतं. त्यामुळे वहीत शास्त्रीय नाव लिहाच. महाराष्ट्रात खऱ्या कांदळवन प्रजाती वीसच्या आसपास आहेत, पण लागवडीत वर्षानुवर्षं एकाच कांदळाचा वापर होतो. त्याची लांब शेंग हातात धरायला सोपी आणि फोटोत छान दिसते, एवढंच कारण.

तिवर (ॲव्हिसेनिया मरिना): पान टोकदार, खालून करडं-पांढरं. पान चाटून पाहा, खारट लागतं, कारण हे झाड मीठ पानांवाटे बाहेर टाकतं. जमिनीतून पेन्सिलीसारखी मुळं वर आलेली असतात. खारेपणाची सहनशक्ती सगळ्यात जास्त, त्यामुळे करपलेल्या जागी पहिली निवड हीच. याचाच भाऊ ॲव्हिसेनिया ऑफिसिनॅलिस: पानाचं टोक गोलसर, फूल मोठं. त्याला थोडं कमी खारं पाणी मानवतं.

पांढरी चिपी (सोनरेशिया अल्बा): खाडीच्या तोंडाशी, लाटांच्या बाजूला. २०२० साली महाराष्ट्राने हिला राज्याचं कांदळवन वृक्ष ठरवलं. फळ चपटं-गोल, देठाकडे चांदणीसारख्या पाकळ्या.

कांदळ (रायझोफोरा म्युक्रोनाटा): कमानीसारखी आधारमुळं, पानाच्या टोकाला सुईसारखं अणकुचीदार टोक, पानाखाली बारीक काळे ठिपके. चिपी-तिवराच्या मागे, चराच्या कडेने, मऊ चिखलात. थेट लाटेच्या तोंडावर लावू नका. रायझोफोरा अपिक्युलाटाची फुलं जोडीने येतात आणि शेंग आखूड असते.

झुंबर (ब्रुगिएरा), किरकिरी (सेरिऑप्स टॅगल), काजळा (एजिसेरस): मधल्या आणि वरच्या पट्ट्यात. यांची रोपं हळू वाढतात म्हणून कोणी लावत नाही. लावा.

हुरा किंवा फुंगळी (एक्सोकेरिया अगालोचा) आणि मारांडी (ॲकॅन्थस): जमिनीकडची कड, जिथे नदीचं गोडं पाणी मिसळतं.

> इशारा : हुऱ्याची फांदी मोडली की पांढरा चीक येतो. तो डोळ्यात गेला तर भयंकर दाह होतो, दृष्टीलाही धोका असतो. मुलांना हे झाड आधी दाखवा आणि हात लावू देऊ नका.

निवडीचा नियम साधा आहे. जवळच्या नैसर्गिक झाडीत त्याच पातळीला जे झाड आहे तेच तुमच्या जागेत. पुस्तक काही सांगत असेल आणि खाडी वेगळं, तर खाडीचं ऐका.

टप्पा ५ : बियाणं गोळा करा

तिवर आणि कांदळ दोन्ही मुख्यतः पावसाळ्यात पिकतात, पण खाडीगणिक दोन-तीन आठवडे इकडे तिकडे होतात. म्हणून तारखेवर भरवसा ठेवू नका, खुणा पाहा.

कांदळाची शेंग झाडावरच उगवलेली असते. फळ आणि शेंग यांच्या मध्ये पिवळसर कडं दिसू लागलं की ती तयार. हलकं फिरवल्यावर सुटून हातात येते. ओढावी लागली तर ती कच्ची. सुटताना शेंडा मोडला तर ती टाका, मोडलेल्या शेंड्यातून झाड होत नाही. शेंगेवर सुईच्या टोकाएवढी भोकं असतील तर आत किडा आहे, तीही टाका.

तिवराचं बी पिवळसर झालं आणि साल सैल पडली की खाली पडतं. ते गोळा करून दिवसभर खाडीच्या पाण्यात भिजवा, साल सुटते. चार-पाच दिवसांत लावून टाका, पुढे ते सडतं.

चिपीची पिकलेली फळं पाण्यात आठवडाभर कुजवायची, मग चोळून बारीक बिया वेगळ्या करायच्या. वास येतो, घरात करू नका.

निदान दहा-पंधरा वेगवेगळ्या झाडांवरून घ्या, आणि एकेका झाडावरचं निम्म्याहून जास्त घेऊ नका. बियाणं त्याच खाडीतलं हवं. दुसऱ्या जिल्ह्यातून ट्रकने शेंगा मागवायची वेळ येत असेल तर टप्पा दोन पुन्हा वाचा. नेताना ओल्या गोणपाटात, सावलीत न्या. बंद प्लास्टिक पिशवीत उकडून मेलेल्या शेंगा दिसायला आठवडाभर हिरव्याच राहतात.

टप्पा ६ : रोपवाटिका लागते का?

कांदळ, झुंबर, किरकिरी यांना सहसा लागत नाही, शेंग थेट रोवता येते. तिवर, चिपी आणि काजळा यांना लागते. वाफा भरतीच्या पट्ट्यातच करा, म्हणजे पाणी घालायचं काम खाडी करेल. पिशवीत खाडीचाच गाळ भरा, शेणखत-लाल माती नको. वर अर्धी सावली. लावण्यापूर्वी महिनाभर सावली काढून रोपं उन्हाला सरावू द्या.

टप्पा ७ : लागवडीचा दिवस

दिवस तिथी पाहून ठरवा, समारंभ पाहून नको. कोळ्यांचा जुना हिशेब कामाचा आहे. तिथीच्या आकड्याला तीनाने गुणा, चाराने भागा, भरतीची अंदाजे वेळ मिळते. अष्टमीला आठ त्रिक चोवीस, भागिले चार, म्हणजे सहा. सकाळी-संध्याकाळी सहाला भरती आणि दुपारी बाराच्या सुमारास ओहोटी. खाडीच्या आत जावं तशी भरती उशिरा पोचते, म्हणून आदल्या दिवशी प्रत्यक्ष पाहून या.

अष्टमी-नवमीला भांग असतो, पाण्याला जोर कमी. दुपारभर काम करता येतं आणि उधाण यायच्या आत रोपाला जमीन धरायला पाच-सहा दिवस मिळतात. पौर्णिमेला लावलेलं रोप त्याच रात्री उधाण खातं. २६ जुलैला अष्टमी आली तर उत्तम. नाही आली तर त्या दिवशी खाडी साफ करा, भाषणं करा, लागवड पुढच्या आठवड्यात.

रोवताना शेंगेचा साधारण एक तृतीयांश भाग चिखलात, बाकी वर. कोंबाचा शेंडा वर, टोकदार निमुळती बाजू खाली. उलट्या रोवलेल्या शेंगा मी इतक्या पाहिल्या आहेत की आता प्रत्येक गटाला आधी एक शेंग हातात देऊन 'वर कुठलं?' एवढंच विचारतो.

पिशवीतलं रोप लावताना पिशवी फाडून काढा आणि मोजून परत आणा. शंभर रोपं नेली तर शंभर पिशव्या परत.

अंतर दीड मीटर बाय दीड मीटर. म्हणजे गुंठ्याला पंचेचाळीसच्या आसपास आणि हेक्टरी ४,४४४. दाट लावून फोटो भरगच्च येतो, पुढे झाडं एकमेकांची उपासमार करतात. रांगा काटेकोर नकोत. पाण्याच्या बारीक वाटा मोकळ्या सोडा, आधीपासून उगवलेल्या रोपांना वळसा घाला. आणि माणसं कमी न्या. दोनशे जणांनी तुडवलेला चिखल दगडासारखा घट्ट होतो, तिथे नैसर्गिक बीही रुजत नाही. वीस जण पुरतात.

टप्पा ८ : निगा आणि मोजणी

पहिल्या उधाणानंतर लगेच एक फेरी. आडवी पडलेली उभी करा, रोपांना अडकलेलं प्लास्टिक, जाळ्यांचे तुकडे, शेवाळाचे झुपके काढा. पहिल्या पावसाळ्यात ही फेरी दर पंधरवड्याला, पुढे महिन्याला. गुरांसाठी कुंपणापेक्षा गुराख्याशी बोलणं स्वस्त पडतं.

पावसाच्या अखेरीस कधी कधी तिवरावर अळ्यांची धाड येते आणि चार दिवसांत झाडं निष्पर्ण होतात. औषध फवारू नका, खाडीतल्या कोळंबी-खेकड्यांवर ते जाईल. मोठ्या झाडांना काही आठवड्यांत पुन्हा पालवी फुटते.

मोजणीसाठी तीन-चार ठिकाणी दहा बाय दहा मीटरचे चौकोन खुंट्यांनी कायम आखून ठेवा. एक, तीन, सहा, बारा महिन्यांनी आणि मग तीन वर्षं दर वर्षी त्याच चौकोनात मोजा. जिवंत किती, उंची किती, आणि आपण न लावलेली किती उगवली हे तीन आकडे. तिसरा आकडा सगळ्यात महत्त्वाचा. फोटो दर वेळी त्याच खुंटीवरून, त्याच दिशेला. पहिल्या महिन्याच्या आकड्यावर बातमी देऊ नका, शेंगेत साठा असतो, ती मुळं न धरताही महिनाभर हिरवी दिसते. श्रीलंकेत त्सुनामीनंतर लागवड झालेल्या २३ जागा अभ्यासकांनी नंतर तपासल्या, त्यांतल्या ९ जागी एकही रोप उरलं नव्हतं. लागवडीच्या दिवशीचे आकडे तिथेही मोठेच होते.

सहा महिन्यांत निम्म्याहून जास्त रोपं मेली तर लगेच तूट भरायला धावू नका. मेलेली कुठे आहेत ते आधी आखा. सगळी खालच्या कडेला असतील तर पातळी चुकली, तेवढी कड सोडा. एका डबक्याभोवती असतील तर चर हवा. सगळीकडे विखुरलेली असतील तर बियाणं किंवा हाताळणी चुकली, आणि फक्त याच बाबतीत पुढच्या पावसाळ्यात त्याच जागी पुन्हा लावा.